आज चहा कुणाचा

२ जून, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. ऑफिस म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचा वरचा मजला. तीन खोल्या, एक लांबलचक टेबल आणि खिडकीत मरता मरता वाचलेलं कुंडीतलं एक झाड. बाहेर पाटी नाही. खालच्या रद्दीवाल्याला वाटतं की वर टायपिंगचे वर्ग चालतात. बाई म्हणाल्या, वाटू दे त्याला.

बाई म्हणजे संस्थेच्या प्रमुख. मारकुट्या नवऱ्यांच्या घरातून निसटलेल्या बायकांना ही संस्था लपवते. नवं घर, नवं काम, नवा पत्ता. ते पत्ते बाहेर जाऊ नयेत हे बघायचं काम आजपासून माझं. ऐकायला भारदस्त वाटतं, पण करायचं एवढंच की आलेल्या प्रत्येक ईमेलचं अटॅचमेंट कुणी उघडायच्या आधी आपण तपासायचं.

माझे गुरू म्हणजे काका. साठी कधीच उलटली आहे, पण डोळे घारीचे. सगळे त्यांना चाळणी म्हणतात, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नाही. ही वही त्यांनीच दिली. दिवसभरात जे पाहिलंस ते संध्याकाळी हाताने लिहून काढ म्हणाले, कागदाला अटॅचमेंट चिकटत नाही. मला हे पटलं. शिवाय माझं अक्षरही चांगलं आहे, ते कुणीतरी बघायला हवं.

खोलीत शिरल्यावर मी आधी दाराच्या बिजागऱ्या पाहिल्या. जुनी सवय. तिच्याबद्दल नंतर कधीतरी.

५ जून, गुरुवार

आज शेपटांचा धडा झाला. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी टिंब देऊन एक शेपूट असतं. फोटोचं वेगळं, पत्राचं वेगळं, उघडल्या उघडल्या स्वतःच कामाला लागणाऱ्या प्रोग्रामचं वेगळं. कॉम्प्युटर आपल्या सोयीसाठी ते शेपूट लपवतो, आणि लबाडांचं तिथेच फावतं. ते प्रोग्रामच्या नावात खोटं शेपूट लिहून ठेवतात. आपल्याला दिसतं वीजबिल, त्यावर बिलाचं चित्रही असतं, आणि मागे दडलेलं असतं खरं शेपूट. उघडलं की घरभर शिरलाच.

काका म्हणतात, नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, म्हणून नावावर जायचं नाही. आधी शेपूट बघायचं. मग फाइलच्या पोटातली पहिली अक्षरं बघायची, ती सहसा खोटं बोलत नाहीत. आणि तरीही शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करायचा, पण पत्रातल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.

इथली एक गंमत मला फार आवडली. लोक गाफील राहू नयेत म्हणून काका अधूनमधून स्वतःच एक वेषांतर केलेली फाइल सोडतात. जो फसून ती उघडेल त्याच्या पडद्यावर चहाच्या कपाचं चित्र येतं, खाली प्रश्न येतो, आज चहा कुणाचा? मग त्याने सगळ्यांना चहा करून पाजायचा. आज बाईच फसल्या. चहा बेताचाच झाला होता, पण कुणाची बोलायची छाती झाली नाही.

रात्री आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पत्त्यांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, ती शिस्त मला कळते. चहाच्या गमतीत लपवण्यासारखं काय आहे?

११ जून, बुधवार

आज विहिरीची ओळख झाली. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, तो कशालाच जोडलेला नाही. इंटरनेट नाही, बाकीच्या कॉम्प्युटरांशी संबंध नाही. संशयित फाइल इथे आणून उघडायची. आत पडलेलं बाहेर येत नाही, म्हणून विहीर. त्या खोलीत मोबाइल न्यायला बंदी आहे, दाराबाहेरच्या डब्यात ठेवून जायचं. खोलीला आतून जाड अडसर आहे. बिजागऱ्या मात्र बाहेरच्या अंगाला आहेत. मी हे काकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, तू सुताराच्या घरातला का रे?

आता सवयीबद्दल लिहितो. माझी ताई इथल्या लपवलेल्या बायकांपैकी एक आहे. दाजी दारं बसवण्याचं काम करतात, आणि हात इतका सफाईदार की दार लावलं तर श्वासाएवढाही आवाज होऊ नये. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांनी ताईची दोन बोटं दाराच्या चौकटीत धरून दार लावून घेतलं. मग तिला दवाखान्यात नेलं, परत आणलं आणि घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून काढली. न्हाणीघराचंसुद्धा. काढलेली दारं भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि म्हणाले, आता बोटं अडकायची नाहीत. मी तिच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा ते घर पाहिलं. भिंतीला टेकलेली दारं अजून डोळ्यांसमोर आहेत.

ताई कुठे आहे ते मला ठाऊक नाही, आणि विचारायचं नाही असं ठरलं आहे. पत्त्यांच्या फायलीत नावंही नसतात, नुसते पत्ते. बाईंनी मुलाखतीतच सांगितलं होतं, ज्याच्या घरातलं माणूस लपलेलं आहे तो डुलकी काढत नाही, म्हणून तुला घेते आहे.

आईला मात्र अजूनही वाटतं की संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. जावई दर आठवड्याला येऊन तिची विचारपूस करतात म्हणे. मी त्यावरून भांडणं सोडून दिलं आहे.

१८ जून, बुधवार

आज माझी जिरली. काका दाढ काढायला गेले होते. मी त्यांच्या जागी ऐटीत बसलो होतो. दुपारी काकांच्या नावाने एक पत्र आलं, सोबत फाइल. नाव काय, तर 'आज चहा कुणाचा'. शेपूट पाहिलं, दुहेरी. पोटातली अक्षरं पाहिली, प्रोग्राम. म्हटलं, दाढ उपटून घेताना सुद्धा म्हातारा आपली परीक्षा घेतो आहे. काकांची गंमत आहे हे उघडच होतं, आणि गंमत हसून साजरी करायची रीत आहे. उघडली. कप आला, प्रश्न आला.

मी सगळ्यांना आलं घालून चहा पाजला. बाईंनी दोनदा घेतला.

१९ जून, गुरुवार

काका आले ते गाल भोपळ्याएवढा घेऊन. तोंडात कापूस कोंबलेला, बोलायची सोय नाही. मी म्हटलं, काका, काल बरोबर गंडवलंत. त्यांनी नुसती पाठ थोपटली. काम थोडंच होतं. झाडाला नवं पान आलं आहे.

२४ जून, मंगळवार

आपल्याकडच्या एका बाईचा खून झाला.

ती बेकरीत कामाला होती. शेजारणीने सकाळी पाहिलं. पोलिसांनी बाईंना जे सांगितलं ते बाईंनी आम्हाला उभ्या उभ्या सांगितलं, आणि मग त्या खाली बसल्या. हातोडीचे घाव आहेत. चेहरा ओळखू येत नव्हता, हातावरच्या भाजल्याच्या खुणेवरून ओळख पटवली. तिचा नवरा तर गेले कित्येक महिने तुरुंगात आहे.

काका दिवसभर सगळी जुनी पत्रं पुन्हा चाळत बसले. मी त्यांच्या शेजारी होतो. एकही खडा सापडला नाही.

२७ जून, शुक्रवार

दुसरी. ही शिवणकाम करायची. तिच्या घरात तिची म्हातारी आईही होती. दोघींनाही तसंच मारलं. म्हातारीच्या हाताची हाडं मोडली आहेत, ती मध्ये पडली असणार.

पोलीस पत्ता कुठून फुटला ते विचारायला आले. त्यांनी तिथले फोटो टेबलावर ठेवले. रक्त पाहून मी मान फिरवणार तोच मला भिंत दिसली. घराचं पुढचं दार फोडलेलं नव्हतं. ते बिजागऱ्यांतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. नीट. खालचा कोपरा फरशीच्या रेघेला जुळवून.

मी विचारलं, बेकरीवालीच्या घरी दार कसं होतं? त्यांनी दुसरा फोटो काढला. तसंच.

दाजींचं नाव मी सांगितलं. त्यांच्याकडे नावं नाहीत, नुसते पत्ते आहेत. म्हणून ते एकेक दार काढत चालले आहेत, ताई कुठल्या दारामागे आहे ते बघायला. जी ताई नसते, तिने त्यांचा चेहरा पाहिलेला असतो.

पोलीस गेल्यावर काकांनी मला विचारलं की चहाची फाइल मी शेवटची कधी उघडली. मी म्हटलं, तुम्ही दाढेला गेलात त्या दिवशी तुम्हीच पाठवलीत की. मग त्यांनी आपला निळा कप समोर ठेवला. त्याचा कान तुटलेला आहे. त्यांच्या फाइलीत त्याच कपाचा फोटो असतो, गेली कित्येक वर्षं.

मी उघडलेल्या फाइलीतल्या कपाला कान होता.

मी सगळीकडे चोर शोधत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चहाची गंमत मी एकाच माणसाला सांगितली होती, आणि तुटक्या कानाचं तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

३० जून, सोमवार

आईने कबूल केलं. कबूल म्हणजे तिला त्यात कबूल करण्यासारखं काही वाटतच नाही. जावई आले होते, धाकट्याची नोकरी कशी चालली आहे विचारत होते, मग सांगितली चहाची गंमत. ते पण खूप हसले म्हणाली. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही येत नाही हे मला माहीत आहे. पण असली फाइल करून देणारे विकत मिळतात.

मी तिला फोटोंबद्दल सांगितलं. ती म्हणाली, दारं काय एकटे तेच बसवतात? काल येऊन माझा नळ दुरुस्त करून गेले. खुनी माणूस सासूचा नळ दुरुस्त करेल का? दोघांना समोरासमोर बसवलं की सगळं मिटेल, तुम्ही लोकांनीच माझ्या लेकीचं घर मोडलं. पोलीस तिच्याकडे पोचले ते वरातीमागून घोडं. दाजी आधीच निघून गेले होते.

बाईंनी शनिवारी आणि काल स्वतः गाडी चालवून उरलेल्या सगळ्या बायकांना हलवलं. जुने पत्ते त्या चहाच्या फाइलीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पळवले; नवे फक्त विहिरीत आहेत, नावांसकट, म्हणजे कोण कुठे यात गोंधळ होणार नाही. दुसरी प्रत नाही. बाईंच्या डोक्यात आहे, तेवढीच. ईमेलने तिथे आता कुणी पोचू शकत नाही. मला जरा बरं वाटलं. मग काका म्हणाले, ईमेलने नाही पोचत, म्हणजे पायी यावं लागेल.

१ जुलै, मंगळवार

माझ्या नावाने पत्र आलं. एक फाइल. मी शेपूट पाहिलं, एकच होतं, फोटोचं. पोटातली अक्षरं पाहिली, फोटोचीच. काकांनीही पाहिली. विहिरीत नेऊन उघडली.

या नोकरीत इतकं सरळ अटॅचमेंट मी पहिल्यांदा पाहिलं. नाव फोटोचं आणि आत खरंच फोटो. शिवणकाम करणारी. अजून जिवंत होती तेव्हाचा. ती लेन्सकडे बघत होती आणि तिचा हात चौकटीत होता.

खाली लिहिलं होतं, आज चहा कुणाचा.

मी बाहेर येऊन झाडाच्या कुंडीत ओकलो.

२ जुलै, बुधवार

बाई आल्या नाहीत. फोन उचलत नाहीत. पोलीस गेले आहेत.

नंतर — बाई गेल्या. दार भिंतीला टेकवलेलं. दहाही बोटं मोडलेली, एकेक करून, वेळ घेऊन. पोलीस म्हणाले की त्यांनी काही सांगितलं नसावं, कारण सांगितलं असतं तर इतकी बोटं लागली नसती.

मला त्या बेताच्या चहाची आठवण येते आहे आणि मी रडतो आहे, लिहायची लाज वाटत नाही.

३ जुलै, गुरुवार

आता फक्त विहीर. काका आणि मी ऑफिसातच राहतो. खाली पोलिसांचा एक शिपाई आहे, धिप्पाड. मोठे साहेब शनिवारी संध्याकाळी येऊन विहीर घेऊन जाणार आहेत. काका म्हणाले की आता टपाल आलं, पार्सल आलं, सुतार आला, प्लंबर आला, कुणालाही वर सोडायचं नाही. शिपायालाही तेच सांगितलं. सगळी सोंगं आम्ही मोजून काढली आहेत.

आईचा फोन आला होता. अंगावर तेच कपडे आहेत का विचारत होती. मी चिडून ठेवला.

५ जुलै, शनिवार

दुपार. साहेब अजून आलेले नाहीत. मी विहिरीत. म्हणजे त्या खोलीत. घाईत लिहितो आहे.

साहेब यायच्या आधी विहीर बांधून ठेवायला मी इथे आलो होतो, पत्त्यांची फाइल मी उघडलेली नाही. मोबाइल बाहेर डब्यात. नियम. बाहेर काका कुणाशी तरी बोलत होते, प्रेमाने. म्हणत होते, या, या, तो आतच आहे, धुतलेले कपडे आणलेत ते बरं केलंत.

आईला वर सोडलं. शिपायाने सोडलं. काकांनी सोडलं. आईचं नाव आमच्या सोंगांत नव्हतं.

मग काहीतरी पडलं. काकांचा आवाज आला, एकच शब्द, शेपूट. मग हातोडी — लाकडावर पडते तसा आवाज नव्हता. पुन्हा. पुन्हा. मी अडसर घातला. मी बाहेर गेलो नाही. मी अडसर घातला.

आता शांत आहे. खालून शिपायाचाही आवाज नाही.

आई दाराशी आहे. म्हणते, बाळा, उघड, मी आहे. आवाज तिचाच. पण पाठ करून आल्यासारखा. म्हणते, जावई काही करणार नाहीत, त्यांना फक्त पत्ता हवा आहे, मग ते जातील.

मी जमिनीवर आडवा झालो. दाराखाली फट आहे. आईच्या चपला दिसतात, अंगठा शिवलेल्या. तिच्या चपलांच्या मागे, अगदी चिकटून, बूट. कामाचे. ओले.

नावामागे दडलेलं शेपूट.

मी उघडत नाही आहे. आई, मी उघडत नाही आहे.

तिला कळलंय. ती आता पाठ केलेलं बोलत नाही. हळूच म्हणाली, नको उघडूस राजा. माझं चुकलं. एवढंच, आणि मग तिचं तोंड कुणीतरी —

विहीर फोडली. आग विझवायच्या नळकांड्याने. आतली तबकडी काढली, तिचे तुकडे केले. हात कापला आहे, पानावर डाग पडतात ते त्याचे. ओरडून सांगितलं, नाही उरलं काही, दाजी, काहीच नाही उरलं, सोडा तिला.

चपला आडव्या झाल्या.

दाराखालून येतंय. वही वर धरली आहे.

नुसते बूट. ते घाईत नाहीत. वरच्या बिजागरीचा खिळा निघाला. आवाज अजिबात नाही, दाजींचा हात — मधला —

दार हलतंय. ते फोडणार नाहीत. टेकवून ठेवतील.

ताई, तू कुठे आहेस मला ठाऊक नाही. आता कुणालाच नाही. कुणी आलं, माझं नाव सांगितलं, माझा आवाज काढला, तरी तू दार